मळसूत्र, अर्थ तिसरा

३ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे केराच्या टोपलीत टाकलं नसशील, तर कामाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुला ठरवता येईल. आमच्या शब्दकोशाची दुसरी आवृत्ती निघते आहे. 'म' अक्षराची पानं माझ्या टेबलावर आहेत आणि ३१ तारखेला ती छापखान्यात जायची आहेत. त्यांत 'मळसूत्र' हा शब्द आहे. त्याचा तिसरा अर्थ, म्हणजे खांबाभोवती फिरत चढणाऱ्या जिन्याचा, पहिल्या आवृत्तीत चुकीचा छापला गेला. अकरा वर्षांपूर्वी तक्रार समितीने ज्या ओळीवर बोट ठेवून तुला खोटं पाडलं, तीच ती ओळ. ती मी लिहिली होती. चूक तुझ्या जिन्यात नव्हती, माझ्या ओळीत होती, आणि त्या दिवशी त्या खोलीत बसले होते तेव्हाही मला ते माहीत होतं.

झालं एकदाचं लिहून. एवढ्याला दोन दिवस गेले. त्याआधी अकरा वर्षं नुसती टाळाटाळ. सुरुवात कशी करावी यावर तीन कागद फाडले. जन्मभर लोकांना शब्दांचे अर्थ सांगून पोट भरलं आणि सख्ख्या भावाला काय म्हणून हाक मारावी ते सुचेना. शेवटी नुसतं 'दादा' लिहिलं. तेवढा तरी तू अजून आहेस, तुला आवडो न आवडो.

३१ तारखेलाच मी निवृत्तही होते आहे. त्यानंतर ही पानं ज्याच्या हातात जातील त्याला यात काय चुकलंय हे कळायचं कारण नाही. तिसरी आवृत्ती निघेल तेव्हा आपण दोघंही नसू. म्हणजे जे काही व्हायचं ते या महिन्यात, नाहीतर तू कायमचा खोटा ठरलेला राहशील, छापील.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. 'उतरताना' खोडून 'चढताना' लिहायचं. पण आमच्याकडे छापलेला अर्थ बदलायचा तर पुरावा लागतो, आणि कारागिरांच्या बोलण्यातल्या शब्दाला पुरावा म्हणजे सांगणाऱ्याच्या सहीची चिठ्ठी. सोबत एक कोरी चिठ्ठी ठेवली आहे. उजवा जिना कशाला म्हणायचं ते तुझ्या शब्दांत चार ओळींत लिही आणि खाली सही कर. तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलं आहे. पत्र लिहायची गरज नाही.

वहिनीला नमस्कार सांग. सांगावासा वाटला नाही तर राहू दे.

तुझी,
पंडितीण
(हे नाव वापरायचा हक्क अजून उरला असेल तर)


९ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी जिन्यात जाऊन उभी राहते आणि तो मला विजेचं बिल देतो.

तुला वाटेल, हिला आत्ताच कुठून उमाळा आला. खरं सांगते, पान समोर आलं म्हणून आला. आलं नसतं तर मी अशीच मूग गिळून निवृत्त झाले असते आणि निरोपाच्या चहाला चार शब्द प्रामाणिकपणावरही बोलले असते. मी मला ओळखून आहे.

हा शब्द मला तू दिलास, हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. मी कोशात शिकाऊ होते. आमचे जुने मुख्य संपादक, ज्यांना तू त्यांच्या जाड काळ्या चष्म्यावरून 'गॉगल' म्हणायचास, त्यांनी मला कारागिरांचे शब्द गोळा करायला धाडलं. लोहार, सुतार, नळवाले, विणकर अशी यादी दिली होती. मी सगळ्यांत आधी तुझ्या कारखान्यात आले, कारण परक्या ठिकाणी जायची भीती वाटत होती. तू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारलास आणि म्हणालास, "या पंडितीणबाई! आज लोखंडात कसलं व्याकरण शोधताय?"

मी विचारलं, मळसूत्र हा शब्द तुम्ही लोक अजून वापरता का. तू म्हणालास, "आम्ही आटेच म्हणतो गं. मळसूत्र म्हणायचे आमचे उस्ताद. पण जिन्याला मात्र मळसूत्रीच म्हणतो, त्याला आटेवाला जिना म्हटलं तर लोक हसतील." कोपऱ्यात पाण्याची नळी गुंडाळून पडली होती. मी शहाणपणा करून म्हटलं, मग हेही मळसूत्रच की. तू म्हणालास, "छे. ते वेटोळं. वेटोळं बसून राहतं, मळसूत्र चढतं. जागच्या जागी फिरतंय असं वाटतं, पण दर फेरीला थोडं वर सरकलेलं असतं." मग एक बोल्ट आणून त्याच्या आट्यांवरून माझं नख फिरवायला लावलंस. गिरमिटाचं टोक दाखवलंस, पुस्तकं बांधणाऱ्याच्या दाबाचा दांडा कसा खाली येतो ते हातवारे करून सांगितलंस, शंखाची पाठ, काठीवर चढलेला वेल, सगळं एका दमात. डोक्यावरच्या केसांच्या भोवऱ्याला मात्र तू मळसूत्र म्हणू दिलं नाहीस. "तो भोवराच. उगाच त्याला मोठी नावं देऊ नकोस." त्या एका दुपारी माझ्या सतरा चिठ्ठ्या भरल्या. ऑफिसात परत गेले तेव्हा गॉगलने सगळ्यांना माझं उदाहरण दिलं, आणि माझी मान ताठ झाली ती तुझ्या जिवावर.

मागच्या अंगणात तू एक जिना नुसताच उभा करून ठेवला होतास, नमुन्याचा. चौदा पायऱ्या, वर काहीच नाही, शेवटची पायरी हवेत. मी चढून त्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले, पाय खाली सोडले आणि म्हटलं, सांग आता, उजवा कोणता नि डावा कोणता. तू खालून ओरडलास, "खाली येऊन लिही. जिना खालून सांगायचा असतो." मी म्हटलं, मला वरून छान दिसतं. तू म्हणालास, "चढणारा माणूस ज्या हाताला वळत जातो, तो जिन्याचा हात. चढताना उजवीकडे वळत गेलीस तर उजवा. बाकी कुणी काही म्हणो." मी ते तसंच लिहून घेतलं. खाली आल्यावर तू चिठ्ठीच्या कोपऱ्यात जिन्याचं छोटं चित्र काढलंस, बाण काढलास, आणि सही केलीस.

पुढे कोशाची पानं लिहिताना ती ओळ उतरवून घेण्यात माझी चूक झाली. 'चढताना'च्या जागी 'उतरताना' पडलं. तेवढ्याने सगळं उलटं झालं. चढताना उजवीकडे वळणारा जिना उतरताना डावीकडे वळतो, हे लहान मुलालाही कळेल. मला कळलं नाही. असं झालं ते.

चिठ्ठी भरून पाठवशील ना?

पंडितीण


१४ जानेवारी

दादा,

आज सुनावणीचं लिहायचं ठरवून बसले आहे. सकाळपासून दोनदा भांडी घासली. घासलेलीच.

वाचनालयाचे चिटणीस लबाड नव्हते, हे आधी कबूल करते. त्यांना वरच्या मजल्यावरच्या खोलीतून खाली पुस्तकांत उतरायला जिना हवा होता. तू त्यांना म्हणालास, हात कोणता ते लेखी द्या, म्हणजे मागाहून वाद नको. ते पडले वाचनालयाचे. दुसऱ्या कुणी तुला कारखान्यात येऊन हाताने हवेत गोल काढून दाखवला असता. त्यांनी कपाटातून आमचा कोश काढला, मळसूत्र उघडलं, तिसरा अर्थ वाचला आणि त्याप्रमाणे लिहून दिलं की उजवा हवा. तू उजवा केलास, तुझ्या धंद्यातला. बसवायला नेलास तेव्हा वरची पायरी दाराकडे जायच्या ऐवजी दगडी भिंतीपाशी जाऊन थांबली.

मग तुमच्या कारागिरांच्या संघटनेची तक्रार समिती. लांब टेबल, पाण्याचा जग, तीन माणसं आणि मधोमध आमचा कोश, खूण घालून ठेवलेला. मला कोशातर्फे बोलावलं होतं. शेजारी गॉगल बसले होते. मी आत येताना तू मला बघून मान हलवलीस, "आलीस? बरं झालं," अशी. तुला वाटलं सुटलो.

अध्यक्षांनी विचारलं, "बाई, या कोशात दिलाय तो अर्थ बरोबर आहे का?" मी म्हटलं, "कोशात दिलेला अर्थ प्रमाण मानला जातो." त्यांनी विचारलं होतं काय, मी सांगितलं काय. सारवासारव आम्हाला चांगली जमते, शब्दांतलेच आम्ही. मग त्यांनी तुला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय का. तू माझ्याकडे वळून एवढंच विचारलंस, "मी तुला काय सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

दोन शब्द. दादा, मला सगळं आठवत होतं. कपाळावरचा चष्मा, नळी, पायरीचा गार पत्रा, सगळं. 'आठवत नाही' म्हणताना मी तुझ्याकडे बघितलंही नाही. पाण्याच्या जगाशेजारी थोडं पाणी सांडलं होतं, त्याकडे बघत होते.

का, तर त्या महिन्यात माझं नाव सहसंपादक म्हणून जायचं होतं. का, तर गॉगलची शेवटची वर्षं होती आणि त्यांच्या कोशात चूक निघाली असती. ही दोन्ही कारणं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले. खरं कारण त्याहून लहान आहे. माझ्या हातून चुकलं, हे चारचौघांत म्हणायला जीभ रेटली नाही. बस्स. तेवढ्यासाठी तुला तोंडघशी पाडलं.

त्यांनी तुझं नाव संघटनेच्या यादीतून काढलं. तू पुन्हा अर्ज केला नाहीस. वाचनालयापुढे तो जिना कापला त्या दिवशी मी तिथे होते, हे तुला माहीत नाही. समोरच्या बसथांब्याच्या मागे उभी होते. गॅसकटरने चार तुकडे केले. तू स्वतः कटर धरला होतास, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस. रस्ता ओलांडायला मला वीस पावलंही लागली नसती. मी बस आली तशी बसमध्ये चढले.

आणि आता तू हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा राहून लोकांना स्क्रू मोजून देतोस. एकदा दुकानासमोरून गेले होते. तू एका गिऱ्हाइकाला सांगत होतास, "नाही बसायचा तो. जोर करू नका, आटे मरतील." आवाज तसाच आहे तुझा.

राहिली चिठ्ठीची गोष्ट. तुझ्या सहीची चिठ्ठी तेव्हा ऑफिसात माझ्या खणात होती. समितीने मागवली असती तर माणूस धाडून अर्ध्या तासात आली असती. कुणी मागवली नाही. तूही तिचं नाव काढलं नाहीस. तू विसरला असशील असं मी धरून चालले, आणि तू विसरलास याचं मला त्या दिवशी हायसं वाटलं, हेही लिहून टाकते.

पं.


२० जानेवारी

दादा,

काल माझंच पाकीट माझ्याकडे परत आलं. आत कोरी चिठ्ठी, कोरीच. एक अक्षर नाही. मी ती उलटसुलट करून पाहिली, उन्हात धरून पाहिली. साठीला आलेली बाई खिडकीत उभी राहून कोरा कागद वाचते आहे, म्हटल्यावर शेजारीण विचारून गेली, बरं नाही का.

बरं झालं कोरी आली. ती मागायलाच नको होती. तुझी जुनी चिठ्ठी आहे, दादा. माझ्याकडे, घरात, शिवणाच्या डब्यात रिळांच्या खाली. तुझ्याकडून नवी लिहून घेतली असती तर जुनी कुठे गेली हे मला कुणी विचारलं नसतं. म्हणजे पहिल्या पत्रात माफीचा आव आणून मी पुन्हा तुझ्याच सहीने स्वतःला झाकायला निघाले होते. वाचून तुला ते लगेच कळलं असेल. निदान वहिनीला तरी नक्कीच. ती मला पहिल्यापासून ओळखून आहे.

आमच्याकडे एकच गोष्ट पहिल्या दिवशी घोटून घेतात. चिठ्ठी चुकीची असो, फालतू असो, वेड्याने लिहिलेली असो, ती फाडायची नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी येऊन बघेल, म्हणून. मी समितीसमोर खोटं बोलले, भावाचा धंदा बुडवला, पण चिठ्ठी फाडणं मला जमलं नाही. तीन वेळा गॅसपाशी नेली आणि तीन वेळा डब्यात ठेवली. यात मोठेपणा नाही, हाताची सवय.

आणि दुसरी गोष्ट. नऊ तारखेच्या पत्रात मी लिहिलं की उतरवून घेताना चूक झाली. तसं नाही झालेलं. तुझी चिठ्ठी माझ्या समोर होती, 'चढताना' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी डोळे मिटून त्या वरच्या पायरीवर पुन्हा जाऊन बसले, मनातल्या मनात हाताने फेरी मारली, आणि मला ते उलटं आलं. मग मी काय विचार केला असेल? तुझ्याकडे येऊन पुन्हा विचारावं? बसने पाऊण तास. नाही. मी विचार केला, दादा सातवीत शाळा सोडून लोखंडात गेला, त्याची उजव्या-डाव्याची गल्लत झाली असणार. आणि मी तुझा शब्द 'सुधारला'. तू तोवर शंभरावर जिने उभे केले होतेस आणि मी एकही नीट चढले नव्हते.

शाळा तू का सोडलीस हे मला ठाऊक आहे. माझी फी भरता यावी म्हणून. त्या शाळेच्या जोरावर मी तुला अडाणी ठरवलं. हे लिहिताना मला माझाच हात बघवत नाही.

चिठ्ठी नको पाठवूस. मी बघते काय करायचं ते.


२९ जानेवारी

दादा,

सोमवारी संपादक मंडळ बसलं. मंडळ म्हणजे तिघं. आताचे मुख्य संपादक, माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि माझ्याहून बारा पट शांत. मुद्रितं तपासणारे काका, ज्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि ते नेमका तोच कान आपल्याकडे करून बसतात. आणि मी.

मी सांगितलं, मळसूत्राचा तिसरा अर्थ चुकलाय, माझ्या हातून. साहेब म्हणाले, "मग बदला ना बाई. एक शब्द तर आहे." मी म्हटलं, पुरावा जोडावा लागेल. ते म्हणाले, "तुमचा शब्द पुरे. या आठवड्यात तुमचा निरोप, कशाला जुनं उकरता?" काका म्हणाले, "कुणाचा निरोप?"

दादा, मी 'बरं' म्हटलं. खोटं कशाला सांगू. शब्द खोडला, नवा लिहिला, पान पुढे सरकवलं. अर्थ बरोबर झाला, माझ्यावर ठपका नाही, निरोपाचा चहा ठरल्याप्रमाणे. घरी आले, जेवले आणि मला झोपही लागली. मंगळवारी सकाळी चहा गाळताना लक्षात आलं, अर्थ बरोबर झाला पण तू होतास तिथेच आहेस. कोशात चूक होती हेच कुणाला कळणार नसेल तर तू बरोबर होतास हे कुणाला कळणार? मी पुन्हा तेच केलं होतं, या खेपेला खोटं न बोलता.

तशीच चप्पल घालून ऑफिसात गेले. शिवणाचा डबाच घेऊन गेले, चिठ्ठी वेगळी काढायचा धीर नव्हता. साहेबांच्या टेबलावर रिळं, सुया, बटणं सगळं काढून ठेवलं आणि खालून ती चिठ्ठी काढली. त्यांनी वाचली. चित्र बघितलं. मग म्हणाले, "ही अकरा वर्षं घरी होती?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बसा." मी उभीच राहिले.

शुद्धिपत्रात पुढचा मजकूर जातो आहे. मी लिहिला, साहेबांनी एक विशेषण काढलं, ते विशेषण मी स्वतःला लावलं होतं.

"मळसूत्र, अर्थ ३: पहिल्या आवृत्तीत दिलेली उजव्या आणि डाव्या जिन्याची व्याख्या चुकीची आहे. सांगणाऱ्या कारागिराने ती बरोबर सांगितली होती. नोंद करणाऱ्या संपादिकेने ती न विचारता बदलली आणि पुढे चौकशीत विचारलं असता आठवत नसल्याचं खोटं सांगितलं. मूळ चिठ्ठी कार्यालयात पाहायला मिळेल."

खाली माझं पूर्ण नाव आहे. काका वाचून म्हणाले, "शुद्धिपत्रात एवढं लांबलचक कुणी वाचत नाही हो." म्हणून याच मजकुराच्या दोन प्रती मी सही करून तुमच्या संघटनेला आणि वाचनालयाला दिल्या, हातोहात. वाचनालयाचे ते चिटणीस आता नाहीत. संघटनेच्या कारकुनाने पोच दिली आणि म्हणाला, तुमचे बंधू इथं येऊन कधी कुणाला वाईट बोलले नाहीत.

निरोपाचा चहा रद्द झाला. साहेब म्हणाले, सगळ्यांना अवघडल्यासारखं होईल. बरोबर आहे त्यांचं.

आता सांगण्यासारखं काही राहिलं नाही. माफ कर असं म्हणत नाही, तोंड नाही मला.


१ फेब्रुवारी

पूर्वी मी तुला 'तू' म्हणायची. आता पेनातून येत नाही, म्हणून तुम्ही म्हणते. राग मानू नका.

तुमची पाचही पत्रं यांनी वाचली. दुकानातून आले की हातपाय धुऊन, चष्मा पुसून बसतात आणि वाचतात, मग मला देतात. कोरी चिठ्ठी मीच परत पाठवली, यांना न विचारता. हे लिहून द्यायला निघाले होते. मी म्हटलं, तिला लागते तेव्हा बरी तुमची सही आठवते. मी तुम्हाला ओळखून आहे म्हणता, तसंच आहे. माझ्या मनातून ते अजून जात नाही. यांच्या मनात कधी नव्हतंच.

संघटनेचा माणूस काल घरी येऊन गेला. नाव पुन्हा यादीत घालतो म्हणाला. हे म्हणाले, आता गुडघे राहिले नाहीत, पण नाव घाला. माणूस गेल्यावर कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. आज दुकानात घेऊन गेलेत.

हे पत्र लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. तुम्ही लिहिलंय की हे चिठ्ठी विसरले. हे विसरले नव्हते. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी यांच्या मागे लागले होते की समितीला सांगा, तिच्याकडे तुमच्या सहीची चिठ्ठी आहे, मागवा. तर म्हणाले, "मागवायची कशाला? ती घेऊनच येईल." मी म्हटलं, नाही आणली तर? म्हणाले, "मी मागितली तर तिची नोकरी जाईल. तिनं आपणहून दाखवली तर चूक म्हणून सोडून देतील. तिचं तिला करू दे."

तुम्ही आत आलात तेव्हा मी यांच्या शेजारीच होते, मला कोपराने ढोसलं आणि म्हणाले, "पिशवी बघ. आणलीय तिनं." मग तुम्ही पिशवीत हात घातलात, तेव्हा हे खुर्चीतून अर्धे उठले होते. तुम्ही पेन काढलंत.

घरी येताना वाटेत एवढंच म्हणाले, "घाईत राहिली असेल तिची चिठ्ठी." अकरा वर्षं तेच म्हणतात. मी आधी वाद घालायची, मग सोडून दिलं. तुमच्या तिसऱ्या पत्रात चिठ्ठी ऑफिसच्या खणात होती असं वाचलं, तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो? ऑफिसात होती. तिच्याजवळ नव्हतीच." पुष्कळ दिवसांनी मोकळे हसले.

रविवारी दुकान बंद असतं. जेवायला या म्हणतात.

वहिनी


४ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचं पत्र काल मिळालं. रविवारच्या आधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकते आहे. वहिनीला मुद्दाम वाचायला दे.

रविवारी मी येऊ शकले असते. वहिनीने वाढलेलं जेवले असते, तू मला पंडितीणबाई म्हणाला असतास, आणि चिठ्ठी ऑफिसात राहिली होती हे तुझं तू मानत राहिला असतास. काल दिवसभर मी तसंच करायचं ठरवलं होतं. साडीसुद्धा काढून ठेवली होती.

चिठ्ठी खणात नव्हती, दादा. तू बरोबर ओळखलं होतंस. मी ती घेऊन आले होते, दाखवायची म्हणूनच, सकाळी खणातून काढून पिशवीत घातली होती. तू "मी तुला काय सांगितलं होतं" असं विचारलंस तेव्हा मी पिशवीत हात घातला, तो तिच्यासाठीच. हाताला ती लागली होती. मी मान वर केली तर तू अर्धा उठला होतास आणि तुझा चेहरा असा मोकळा झाला होता की शेजारी बसलेल्या गॉगलनेही तुझ्याकडे बघितलं. सांडलेल्या पाण्याकडे बघत होते असं मी लिहिलं, ते त्यानंतरचं. आधी मी तुझ्याकडे बघितलं, सगळं बघितलं, चिठ्ठी सोडली आणि पेन काढलं.

रविवारी मी सकाळपासून घरीच आहे. हे वाचूनही तुला वाटलं, तर निरोप पाठव.